जावकेत पडलेली पत्रं

अनंतराव चिंचोळकर बुलढाण्याच्या कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि लगेच त्यांच्या फाटकावर 'निवृत्त अधिकारी, महसूल विभाग' अशी पितळी पाटी लागली. कोणता अधिकारी, हे पाटीवर नव्हतं. गल्लीत कुणी विचारलंही नाही. विचारलं असतं तर त्यांनी समोर बसवून दुपारभर सांगितलं असतं, आणि गल्लीला तेवढी अक्कल होती.

नोकरीतलं त्यांचं काम साधं होतं. टेबलावर आलेल्या कागदाच्या कोपऱ्यात 'पाहिले' लिहायचं, खाली आडवी सही मारायची आणि कागद डाव्या हाताच्या लाकडी पेटीत टाकायचा. ती जावक पेटी. पेटीत कागद पडला की अनंतरावांच्या लेखी तो गेला. पुढं शिपाई तो उद्या पोस्टात टाकतो, पोळा झाल्यावर टाकतो, की खिडकीत अंथरून त्यावर डबा खातो, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. कुणी शेतकरी महिनाभरानं "साहेब, माह्यं पत्र काही आलं नाई" म्हणत आला, तर ते म्हणत, "जावक झालेली आहे." माणूस पत्राशिवाय घरी जाई. अनंतरावांचं काम मात्र चोख झालेलं असे.

अशा माणसानं घरी ब्रॉडबँड घेतलं.

ते दोन हजार सातचं साल, शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजचं साल. बीटीचं बियाणं येऊन काही वर्षं झाली होती. बोंडअळी गेली म्हणता म्हणता दुसरे रोग आले, खर्च वाढले, आणि वऱ्हाडातल्या गावांची नावं ज्या बातम्यांमध्ये यायला लागली त्या बातम्या कुणाला मोठ्यानं वाचाव्याशा वाटत नव्हत्या. दिल्ली-मुंबईच्या पांढऱ्या गाड्या घाट चढून येत, विश्रामगृहात जेवत आणि अभ्यास करून परत जात. सगळेच अभ्यास करत होते, तर अनंतरावांनी का मागं राहावं? ते रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून संगणकासमोर बसत आणि मंत्र्यांना, संपादकांना, शास्त्रज्ञांना ई-मेलनं कापसाबद्दल सल्ला देत. पायजम्यावर बसून अधिकृत पत्र लिहिणं त्यांना पटत नसे.

कापसाशी त्यांचा संबंध इतकाच, की बायकोची, प्रेमलाबाईंची, उंद्रीला माहेरकडून आलेली थोडी जमीन होती. ती पुंजाजी नावाचा माणूस बटाईनं करत असे. अनंतराव तिथं हुरड्याच्या दिवसांत जात, बांधावर खुर्ची टाकून बसत आणि बूट खराब झाले म्हणून लवकर निघत. प्रेमलाबाईंनी मात्र लहानपणी त्याच वावरात ओटीत कापूस वेचला होता. त्यांना कापसाबद्दल काय वाटतं, असं कुणीच कधी विचारलं नव्हतं.

ई-मेलचा पत्ताही साधासुधा नव्हता. अनंतरावांचा पुतण्या धवल पुण्यात संगणकाच्या धंद्यात होता. त्यानं काकांच्या निवृत्तीला त्यांच्या आडनावानं एक जागा इंटरनेटवर विकत घेऊन दिली आणि तिच्यावर पत्ता काढून दिला. त्या पत्त्याचं टपाल सांभाळायचं काम परदेशातल्या कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरकडे. धवलनं ते भाड्यानं घेतलं होतं. "लोकांचे फुकटातले पत्ते असतात," अनंतराव सांगत. "आमचा स्वतःच्या नावाचा आहे." जणू परदेशातला तो सर्व्हर त्यांच्या पणजोबांनी वाड्याच्या मागं बांधला होता.

पत्र लिहून झालं की ते पाठवायच्या बटणावर टिचकी मारत. पत्र 'आउटबॉक्स' लिहिलेल्या खणात जाऊन पडे. थोड्या वेळानं पडद्यावर पिवळ्या त्रिकोणाची एक चौकट उघडे, तिच्यात बारीक इंग्रजीत चार ओळी असत. अनंतराव त्या वाचत नसत. ते 'ओके' दाबत. 'ओके' म्हणजे 'पाहिले'. चौकट मिटे, पत्र खणात तसंच राही, आणि ते चष्मा पुसत स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणत, "झाली जावक. चहा ठेव."

त्यांना आलेली पत्रं मात्र सुरळीत येत होती. धवलची येत, बँकेच्या जाहिराती येत, लग्नाच्या पत्रिका येत. त्यामुळं यंत्रणा उत्तम चालू आहे, अशी त्यांची खात्री होती. मंत्री उत्तर देत नाहीत, यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. त्यांनी स्वतःही कधी कुणाला उत्तर दिलं नव्हतं.

इथं झेबाची गोष्ट सुरू होते.

गल्लीच्या तोंडाशी निजामभाईंचं गादी भरायचं दुकान. बाप-आज्यापासून त्यांच्याकडं कापूस पिंजायचं काम. दुकानाच्या मागं घर, घरात त्यांची बायको अमीना शिवणकाम करी. प्रेमलाबाईंचे सगळे ब्लाऊज तिच्या हातचे. झेबा त्यांची मोठी लेक. बी.ए. झाली होती आणि घरी बसून फॉल-पिको करत होती. त्याच उन्हाळ्यात नागपूरच्या एका अभ्यास संस्थेनं जाहिरात दिली. बीटी कापसाच्या गावांत जाऊन बायकांशी बोलायचं, त्या काय वेचतात, काय कमावतात, फवारणीच्या दिवसांत घरात काय होतं, ते लिहून आणायचं. त्यासाठी जिल्ह्यातल्याच मुली हव्या होत्या. झेबानं अर्ज केला. अर्जात ई-मेलचा पत्ता मागितला होता आणि ओळख देणाऱ्या एका प्रतिष्ठित माणसाचं नाव.

"आमचंच टाक दोन्हीकडे," अनंतराव म्हणाले. "पत्ता घरचा आणि माणूसही घरचाच."

झेबानं टाकलं. तिच्यापाशी दुसरा प्रतिष्ठित माणूस नव्हता.

पोळ्याच्या आसपास मुलाखतीचं बोलावणं आलं, अर्थात अनंतरावांच्या संगणकावर. सोमवारच्या दुपारपर्यंत ई-मेलनं होकार कळवा, जे कळवणार नाहीत त्यांना इच्छा नाही असं धरू, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. अनंतरावांनी तिला बोलावून घेतलं. ती ओढणी सावरत संगणकामागं उभी राहिली. तिला स्टूल द्यायचं त्यांना सुचलं नाही. प्रेमलाबाईंनी आणून दिलं.

"काका, नुसतं 'मी येते' असं लिहिलं तं चालन ना?" झेबा म्हणाली.

"चालन!" अनंतरावांनी तिच्या शब्दाची नक्कल केली. "हा पत्रव्यवहार आहे, मुली. विषय लागतो, संदर्भ लागतो. शिवाय तुझ्या वतीनं मी लिहितोय, तर आधी मी कोण हे त्यांना कळायला नको?"

मग त्यांनी इंग्रजीत एक पान लिहिलं. पानाच्या वरच्या अर्ध्यात त्यांची नोकरी होती. नंतर कापसाविषयी त्यांची मतं होती. अगदी खाली, सहीच्या जरा वर, झेबा मुलाखतीला येईल असं होतं. टिचकी मारली. चौकट उघडली. त्यांनी 'ओके' दाबलं.

"काका, काही तरी लिहून आलं व्हतं तिथं."

"येतं ते नेहमी. पाहिलं मी."

"गेलं काय मग?"

"जावक झाली," अनंतराव म्हणाले. "आता आईला सांग, निर्धास्त राहा."

रविवारी धवलचा फोन आला. अनंतराव पेन्शनर मंडळाच्या बैठकीला गेले होते, फोन प्रेमलाबाईंनी घेतला.

"काकू, काकांना म्हणावं, माझ्या मेलना उत्तर तरी द्या की. गुढीपाडव्यापासून एक ओळ नाही."

"काय सांगतं बाप्पा! ते तं रोज सकाळी बसून लिहून राह्यले. तुलेबी लिहिलं, मी पाह्यलं ना."

धवलनं विचारलं, "काकू, पाठवल्यावर चौकट येते का? पिवळा त्रिकोण असलेली?"

"रोज येते."

"मग एकही गेलेलं नाही. सगळी आउटबॉक्समध्ये बसली असतील." आणि त्यानं समजावलं. घरोघरच्या संगणकांमधून रोगट प्रोग्रॅम कचरा पत्रं सोडतात, म्हणून बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्या बाहेरच्या टपाल सर्व्हरकडं जाणारं नेहमीचं दार बंद ठेवतात. येणारी पत्रं वेगळ्या दारानं येतात, त्यांना कुणी अडवत नाही. पाठवायची असतील तर एक तर कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरमार्फत पाठवा, नाहीतर बाहेरच्या सर्व्हरला दुसरं दार असतं, तिथं नाव आणि पासवर्ड सांगून जाता येतं. "सेटिंगमध्ये एक आकडा बदलायचा आणि एका चौकोनात खूण करायची. फोनवर सांगतो मी काकांना."

त्यानं संध्याकाळी सांगितलंही. अनंतरावांनी ऐकलं आणि शिपाई मराठी शिकवायला लागल्यावर साहेबाचा व्हावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"म्हणजे माझं पत्र त्या ब्रॉडबँडवाल्याच्या शिक्क्यानं जाणार? छे. आणि दुसऱ्या दारावर काय, पासवर्ड दाखवायचा? स्वतःच्या नावाच्या पत्त्यावरून लिहिणाऱ्यानं ओळख पटवायची? अरे, कलेक्टर कचेरीच्या दारावर मला कुणी नाव विचारलं नाही कधी. आउटबॉक्समध्ये पडलं आहे ना? मग झालं. पुढचं काम त्यांचं." त्यांनी फोन ठेवला आणि बायकोला म्हणाले, "पुण्याला गेलं की पोरांना वाटतं आपण काल जन्मलो."

प्रेमलाबाईंनी कढीला फोडणी दिली, गॅस बंद केला, चप्पल घातली आणि थेट निजामभाईंच्या घरी गेल्या.

"झेबा, तुह्यं पत्र गेलं नाई," दारातूनच त्या म्हणाल्या.

अमीनानं मशीन थांबवलं. "गेलं नाई म्हंजे? भाऊ तं म्हणत होते, जावक का काय ते झालं."

"जावक झालं, पण गेलं नाई. आमच्या घरातच बसून हाय."

"या अल्ला. म्हंजे पोरीची नोकरी तुमच्या बैठकीत कोंडून ठेवली म्हणा की ताई."

"तसंच म्हण. उद्या दुपारची मुदत हाय. झेबा, सायबर कॅफे उघडला की जाय, सोताचा पत्ता काढ, आन् तुले लिहायचं तेच लिही. मी येते म्हणून."

"काका रागावतीन, काकू."

"त्याहिले सांगते कोण?"

झेबानं सोमवारी सकाळी एस.टी. स्टँडसमोरच्या कॅफेत स्वतःच्या नावाचा, अगदी फुकटातला पत्ता काढला आणि एका ओळीत होकार कळवला. चहा पिईपर्यंत उत्तर आलं: मिळालं, या.

निजामभाई दुकान बंद ठेवून तिच्यासोबत नागपूरला गेले. मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, खेड्यातल्या बायका तुझ्याशी बोलतील का? झेबा म्हणाली, "दरसाल सुटीत जानेफळले मामाच्या वावरात त्यांच्यासंगं कापूस वेचला मी. त्या बोलाच्या कवा थांबतात, तेच मले मालूम नाई." सगळे हसले, आणि तिची निवड झाली. आधी तीन महिने कच्चं काम, ते बरं वाटलं आणि ओळख देणाऱ्यानं तक्रार केली नाही तर पुढं दोन वर्षांचा करार.

पेढे घेऊन ती पहिल्यांदा अनंतरावांकडेच आली. तिथं तिची चूक झाली, पण खरं बोलायची खोड असलेल्या माणसाच्या सगळ्या चुका तशाच असतात.

"निवडीचं पत्र कुठं आहे?" पेढा हातात धरून अनंतरावांनी विचारलं. "माझ्याकडे तर आलं नाही."

"माह्या पत्त्यावर आलं, काका. तुमचं पत्र तिथं पोचलंच नव्हतं. मंग मीच कॅफेतून..."

पेढा बशीत परत गेला. "अस्सं," अनंतराव म्हणाले. "पोचलं नव्हतं. आणि तू कॅफेतून. फुकटातल्या पत्त्यावरून. माझं नाव घालून." आणि मग, तिचं काम जीपमधून गावोगाव फिरायचं आहे आणि जीपमध्ये संस्थेची पुरुष माणसंही असतात हे कळल्यावर, त्यांना एकदम तिच्या अब्रूची काळजी वाटायला लागली. ज्या माणसाला उभ्या मुलीला बसायला सांगायचं सुचत नाही, त्याला तिच्या अब्रूची काळजी फार चटकन वाटते.

दुसऱ्या सकाळी त्यांनी सदरा घातला आणि संस्थेला पत्र लिहिलं. उमेदवाराला जबाबदारीची जाणीव नाही, तिच्या एकटीनं फिरण्याबद्दल मोहल्ल्यात नापसंती आहे, ओळख देणारा म्हणून मी माझं नाव परत घेत आहे. टिचकी. चौकट. 'ओके'.

"कळवलं संस्थेला," ते म्हणाले. "चहा ठेव."

प्रेमलाबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "काय कळवलं?"

त्यांनी वाचूनच दाखवलं. स्वतःची वाक्यं मोठ्यानं वाचायला त्यांना आवडे.

"अहो, कोण्या मोहल्ल्यात नापसंती हाय? तुमाले कोणं सांगतलं?"

"प्रेमला, या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. आणि 'तुम्हाला' म्हण."

एवढ्यावर थांबले असते तरी भागलं असतं. पण केलेलं काम जगाला सांगितल्याशिवाय त्यांना ते झाल्यासारखं वाटत नसे. भाजीला जाता जाता ते निजामभाईंच्या दुकानाशी थांबले आणि "तुमच्या मुलीच्या हिताचंच केलं आहे" अशी सुरुवात करून सगळं सांगून आले. निजामभाई पिंजलेल्या कापसाच्या ढिगात बसून ऐकत राहिले. माणूस गरीब स्वभावाचा. पण अमीना गरीब स्वभावाची नव्हती. अनंतराव भाजीबाजारातच होते, तेवढ्यात ती मागच्या दारानं प्रेमलाबाईंच्या स्वयंपाकघरात आली. तिच्या गळ्यात शिवणाचा टेप तसाच होता.

"ताई, तुमच्या घरवाल्याचं मी काय घोडं मारलं होतं व? वीस वर्सं झाली, सण आला तुमच्या घरी शिरखुर्मा येते. पोरीनं पयला पेढा तुमच्या दारात आणला. आन् यानं तिच्या नावावर चिखल फेकला? कोण्या मोहल्ल्याले नापसंती हाय? मोहल्ला म्हंजे मी! मले इचारलं काय?"

"अमीना, खाली बैस."

"बसत नाई. आज बसाले नाई आली मी. उद्या नागपूरहून फोन येईन, पोरगी काढून टाकली म्हणून. मंग मी तुमच्या दारात येऊन बसन, तवा उठवाले या."

"फोन नाई येणार. पत्र गेलंच नाई."

अमीना थबकली.

"त्याहिनं काई ऐकलं नाई धवलचं. दार अजून बंदच हाय. तुह्या पोरीचा होकार जिथं अडकला होता, हेबी तिथंच पडून हाय." प्रेमलाबाईंनी बैठकीतल्या संगणकाकडं हनुवटीनं दाखवलं. "झेबाले कामावर जाऊ दे."

अमीना त्या बंद पडद्याकडं बघत राहिली. मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काही तरी हललं. "म्हंजे ताई, तुमच्या घरवाल्याचं भलं बी तिथंच पडते आन् बुरं बी तिथंच?"

"हाव."

"मंग ती कंपनी लय हुशार हाय बाप्पा."

झेबा कामावर जाऊ लागली. पहिली वेचणी सुरू झाली होती. मेहकर, चिखली, कुठल्या कुठल्या गावांना ती जाई, संध्याकाळी येई, पायावर धूळ, बॅगेत कागद. अनंतराव तिला पाहून मान फिरवत. संस्था अजून तिला काढत नाही म्हणजे संस्थेत शिस्त नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. स्वतःच्या पत्रावर त्यांचा विश्वास इतका, की जग चुकतं आहे हे त्यांना सोपं वाटे.

प्रेमलाबाईंची भीती एकच होती: दार उघडलं तर काय?

दिवाळीच्या आधी उघडायची वेळ आलीच. पेन्शनच्या दिवशी बँकेत महादेवराव भेटले. अनंतरावांच्याच कचेरीतले, पण खरोखरच अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चारचौघांत विचारलं, "काय चिंचोळकर, माझी आई गेली, कचेरीतल्या शिपायांनीसुद्धा भेटून विचारपूस केली, तुमच्याकडून दोन शब्द नाहीत?" अनंतराव म्हणाले, "मी तर ई-मेल केला होता." महादेवराव म्हणाले, "आला नाही. आणि तुमच्या भोंडे लेआउटपासून माझं घर चालत दहा मिनिटांवर आहे." रांगेतले लोक हसले. शेतकऱ्याला पत्र मिळालं नाही तर जावक झालेली असते. साहेबाला मिळालं नाही तर यंत्रणेत दोष असतो. अनंतराव घरी आले आणि त्यांनी धवलला फोन लावला: दिवाळीला येशील तेव्हा ते दाराचं काम करून टाक.

धवल आला. फराळ तोंडात असतानाच संगणकासमोर बसला. प्रेमलाबाई चकल्या तळत होत्या. त्यांचे कान बैठकीत होते.

"बापरे काका, केवढी पत्रं साठलीत इथं," धवल म्हणाला. "गुढीपाडव्याच्या शुभेच्छा आहेत. आता आकडा बदलतो, खूण करतो, पासवर्ड टाकतो. 'पाठवा' दाबलं की सगळी एका दमात जातील."

प्रेमलाबाईंनी झारा कढईत सोडला. चकली जळू लागली. सरळ जाऊन 'ते एक पत्र काढा' म्हटलं असतं, तर नवऱ्यानं ते एकच पत्र आधी पाठवलं असतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना तेवढं कळलं होतं. त्या हात पदराला पुसत दारात आल्या.

"अहो, एक इचारू? तुम्ही सांगत होते ना, कचेरीत जावकेत लय दिवस पडून राह्यलेला कागद तसाच धाडत नव्हते म्हणून? साहेबाची नवी सही लागे?"

अनंतरावांनी वर पाहिलं. बायको कचेरीच्या नियमाबद्दल विचारते आहे, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"फेरसादर करावा लागे," ते म्हणाले. "बरोबर. शिळा कागद पुनर्विलोकनाशिवाय बाहेर जात नाही. धवल, थांब! हात लावू नकोस. ही सगळी पत्रं पुन्हा माझ्यासमोर आली पाहिजेत. एकेक पाहूनच मी सोडीन."

"बरं. मग आउटबॉक्समधून काढून कच्च्या मसुद्यांमध्ये ठेवतो," धवल म्हणाला. "दार उघडलं तरी तिथून आपोआप काही जात नाही." त्यानं काकूकडं पाहिलं. काकू चकलीकडं धावल्या होत्या.

त्या दिवशी दार उघडलं. पहिलं पत्र महादेवरावांना गेलं आणि त्यांच्या आईच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी पोचलं. बाकीच्यांचं पुनर्विलोकन सुरू झालं. अनंतराव सकाळी सदरा घालून बसत आणि स्वतःची जुनी पत्रं वाचत. एखादा शब्द बदलत, परत पहिला ठेवत. एकही फेटाळवत नव्हतं. भाषा फार चांगली होती. झेबाविरुद्ध संस्थेला लिहिलेलं पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि प्रेमलाबाईंना म्हणाले, "हे जोरकस झालंय. पुन्हा पाठवायला हवं. तिथं मिळालेलं दिसत नाही."

त्याच संध्याकाळी प्रेमलाबाईंनी झेबाला परसात गाठलं.

"तुह्या करारासाठी ओळख देणाऱ्याले संस्था इचारते ना?"

"नुसती तक्रार आली तं पाहतात, काकू. नाई तं इचारत नाई."

"मंग इचाराले लाव. तुह्या म्याडमले सांग, चिंचोळकर साहेबाचं मत मागवा म्हणून. साहेब लिहायचं. अनुभवी, मार्गदर्शन, असं समदं घालायचं. आन् ते लौकर, उद्याच्या उद्या."

"आन् काकांनी उलटंच लिहिलं तं?"

"त्याहिले कोणी मत मागतलंय काय कधी जन्मात?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "न मागता देणाऱ्याचा राग येगळा असते. मागतलं की पाय, कसे पाघळतात ते."

झेबाला ते पटत नव्हतं. पण त्या माणसाबरोबर संसार तिनं केला नव्हता.

पत्र आलं. 'आदरणीय चिंचोळकर साहेब, प्रशासनातील आपला प्रदीर्घ अनुभव लक्षात घेता, श्रीमती झेबा निजाम यांच्याविषयी आपले अमूल्य मत कळवाल तर संस्था आभारी राहील.' अनंतरावांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. मग प्रेमलाबाईंना हाक मारून ऐकवलं, आणि 'अमूल्य' शब्दापाशी थोडं थांबले. त्यांच्या तोंडावर जे आलं ते फाटकावर पाटी लागली त्या दिवशीही कुणी पाहिलं नव्हतं.

"आता काय लिवता?" प्रेमलाबाईंनी भाजी निवडत विचारलं. हातातली मेथी त्यांनी देठासकट टोपलीत टाकली होती, ते त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"काय म्हणजे? संस्था मत विचारते आहे. किरकोळ रागलोभ धरून चालत नाही. आणि मुलगी आपल्याच हाताखाली घडलेली आहे."

त्यांनी झेबाबद्दल दीड पान लिहिलं. त्यात ती कष्टाळू, सुसंस्कृत आणि निर्भय होती. तिचं निर्भय होणं अनंतरावांच्या मार्गदर्शनामुळं होतं. त्यांनी टिचकी मारली. चौकट आली नाही. चौकट न आल्यानं ते जरा गोंधळले, 'ओके' दाबायला काही नव्हतं. तासाभरात उत्तर आलं: 'मिळाले. आभार.' त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीत एवढ्या लवकर कुणी उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी ते दोन शब्द छापून घेतले.

संक्रांतीच्या आधी झेबाच्या करारावर सही झाली. सकाळी तिला न्यायला जीप आली तेव्हा अनंतराव फाटकाशी उभे होते, पाटीच्या अगदी बाजूला.

"माझ्या ई-मेलचं काम आहे हे," ते जीपच्या ड्रायव्हरला सांगत होते. "मी लिहिलं आणि झालं. झेबा, कापसाबद्दल काही अडलं तर विचारत जा."

"हाव काका," झेबा म्हणाली.

अमीना दुकानाच्या पायरीवर उभी होती. "इचार बाप्पा, जरूर इचार," ती म्हणाली. "तोवर कापूस बी थांबन." जीप निघाली. निजामभाई खोकला आल्यासारखं करून आत गेले.

प्रेमलाबाई फाटकाशी आल्याच नाहीत. ड्रायव्हर गेल्यावर नवरा बाहेर भाजीवाल्याला तेच सांगण्यात गुंतला आहे, हे आवाजावरून कळत होतं. त्या संगणकासमोरच्या खुर्चीत बसल्या. धवलनं जाताना त्यांना दाखवून ठेवलं होतं, कच्चे मसुदे कुठं असतात आणि नको असलेला कसा काढायचा. त्यांना झेबाविरुद्धचं ते पत्र शोधायला वेळ लागला, कारण इंग्रजी त्या एकेक अक्षर लावून वाचत. सापडल्यावर काढलं. मग ते कचऱ्याच्या खणातून काढायला गेल्या तेव्हा पडद्यावर एक चौकट उघडली. हे कायमचं जाईल, परत मिळणार नाही, नक्की का, असं काहीसं तिच्यात विचारलं होतं.

प्रेमलाबाईंनी घाई केली नाही. बोट ठेवून ती चौकट पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. या घरात अशी चौकट कुणी वाचायची ही पहिलीच वेळ. मग त्यांनी 'हो' दाबलं, उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या. बाहेरून हाक यायचीच होती.